पर्यायी घर

राष्ट्रीय पातळीवरचं कुठलंही संशोधन सगळ्यात आधी कुत्र्याला पसंत पडावं लागतं. दिल्लीत बसून प्रश्नावली तयार करणाऱ्या विद्वानांना हे ठाऊक नसतं, कारण प्रश्नावली हातात धरून ते कुणाच्या अंगणात कधी शिरलेले नसतात. मला बोईसरजवळच्या सरावलीत कुत्रा चावला. इंजेक्शनांच्या खर्चासाठी अर्ज केला, तेव्हा वरून विचारणा आली की सदर कुत्रा नमुन्यात निवडलेल्या घरचा होता की अन्य घरचा. मी चौकशी करून आले. तो शेजारच्या घरचा निघाला, त्यामुळे खर्च मंजूर झाला नाही.

केंद्र सरकारची एक संशोधन संस्था आहे, तिच्यासाठी मी आयुष्यभर कंत्राटावर काम केलं. संस्थेचं नाव सांगत नाही; पेन्शन नसली तरी भीड असतेच. लोक काय खातात, किती शिकतात, कुठे कामाला जातात, कशाने आजारी पडतात, समुद्रात मासळी किती उरली आहे, असल्या सगळ्या गोष्टींचा ही संस्था अभ्यास करते. त्याचे गुळगुळीत कागदावर अहवाल निघतात. अहवालातलं एखादं वाक्य मंत्री सभागृहात वाचतात, वर्तमानपत्रं ते चौकटीत छापतात, आणि पुढची काही वर्षं ते वाक्य म्हणजेच देश असं धरून कारभार चालतो. ते वाक्य उन्हातान्हात चपला झिजवून गोळा करणारी जी बाई असते, ती मी. पालघर जिल्हा माझ्याकडे होता. कागदोपत्री माझं पद ‘क्षेत्र अन्वेषक’. डोंगरातल्या पाड्यांवर मी ‘सर्वेवाली बाय’, किनाऱ्यावर ‘शिरगणतीवाली’, बोईसरच्या कामगार चाळींत ‘मैडम’. शिरगावातल्या माझ्या सासूबाई म्हणायच्या, लोकांच्या घरी काय शिजतंय हे विचारत हिंडायला सरकार पगार देतं हे आधी कळलं असतं, तर मीही शाळा सोडली नसती.

धंद्याचं गुपित फार मोठं नाही. शितावरून भाताची परीक्षा, एवढंच. सगळा देश विचारून काढणं शक्य नाही, म्हणून काही गावं निवडायची, त्या गावांतली काही घरं निवडायची आणि त्या घरांच्या उत्तरांवरून सगळ्यांचं अनुमान काढायचं. यात खोट काहीच नाही. माझी आईसुद्धा पातेल्यातलं प्रत्येक शीत चाचपत नव्हती. फक्त ती शीत तळापासून काढायची, झाकणाला चिकटलेलं नव्हे. हा फरक समजायला डॉक्टरेट लागत नाही, आणि माझा अनुभव असा की डॉक्टरेट असली तर तो समजायला जरा वेळच लागतो.

आमच्याकडे ‘कुटुंब’ म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. ही व्याख्या ऐकायला छान आहे. ती घेऊन सरावलीतल्या एका खोलीत गेले. औद्योगिक वसाहतीत काम करणारी तरणी पोरं, कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं, एका स्टोव्हवर डाळभात करून खाणारी. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच अंथरुणावर येऊन झोपायची. व्याख्येप्रमाणे हे एक कुटुंब झालं. पहिला प्रश्न कुटुंबप्रमुख कोण. मग त्यांच्यातला एक म्हणाला, “मुखिया तो गाँव में हैं, मैडम. हम लोग तो बस कमाने वाले हैं.” आमच्या टॅबलेटमधल्या प्रश्नावलीला हे उत्तर चालत नव्हतं. प्रत्येक उत्तराला एक आकडा, त्याला कोड म्हणतात, आणि कोड भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडतच नाही. शेवटी त्या दिवशी ज्याची भांडी घासायची पाळी होती, त्याला आम्ही कुटुंबप्रमुख केलं. गेल्या महिन्यात कुटुंबाने हळद किती खाल्ली, हा पुढचा प्रश्न त्याने मोठ्या जबाबदारीने घेतला. बिचारा पुडी शोधायला उठला.

किनाऱ्यावरचा प्रकार आणखी शास्त्रीय. तारापूरकडच्या एका कोळीवाड्यात मासळीची लांबी मोजायचं काम आलं. शास्त्रज्ञ आले, नव्या कोऱ्या पट्ट्या आल्या. होड्या लागल्या, बायकांनी टोपल्या भरल्या, आणि शास्त्रज्ञांनी पहिल्याच टोपलीत हात घातला. ती कोळीण उखडली. भवानी व्हायच्या आधी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री झाल्याशिवाय, टोपलीला परक्याचा हात लागलेला चालत नाही; दिवस फुकट जातो. तिने साहेबांना टोपलीच विकत घ्यायला लावली आणि तीच भवानी करून घेतली. दुसऱ्या दिवसापासून साहेब शहाणे झाले. सगळ्यांची विक्री उरकेपर्यंत ते बाजूला थांबायचे आणि मग उरलेली मासळी मोजायचे. मोठी पापलेटं तोवर व्यापाऱ्यांच्या बर्फात गेलेली असायची. मासळी लहान होत चालली आहे हे किनाऱ्यावर कुणीही सांगेल, त्यात वाद नाही. पण किती लहान झाली याचा जो आकडा दिल्लीला गेला, तो गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या मासळीचा होता. मी हे बोलून दाखवलं, तर साहेब म्हणाले, स्थानिक श्रद्धांचा आदर राखूनच संशोधन करायला हवं. आदर राखायला काय, पहाटे लवकर उठून होडीवरच मोजता आलं असतं.

आम्हा अन्वेषकांचं माहेर म्हणजे अणुकेंद्राच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. पंखा, थंड पाणी, चहा, आणि प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर. तिथे एक घर विचारून संपवायला जो वेळ लागायचा, त्यात पाड्यावर मी निवडलेलं घर कुठल्या टेकाडावर आहे एवढंच शोधून काढायची. म्हणून आमच्यातले चलाख अन्वेषक वसाहती मागून घ्यायचे आणि मला पाडे यायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. पाड्यावर कुणी ‘नंतर या’ म्हणत नाही.

ज्या पाड्याबद्दल सांगणार आहे, तो मनोरच्या पुढे डोंगरात आहे. नाव सांगून त्या लोकांच्या मागे आणखी एखादं पथक लावण्याची माझी इच्छा नाही. पावसावरचं भात, थोडी नाचणी, बांधावर खुरासणी, म्हणजे कारळं. दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली, की अर्ध्याहून जास्त पाडा वीटभट्ट्यांवर निघतो. शिमग्याला दोन दिवस येऊन नाचून जातो आणि पाऊस तोंडावर आला की कायमचा परततो, म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत. पूर्वी पोरंही आईबापांबरोबर जायची आणि त्यांची शाळा तिथेच संपायची. मग सरकारने हंगामी वसतिगृह सुरू केलं. वसतिगृह म्हणजे शाळेचाच एक वर्ग, सतरंज्या आणि पडवीतली चूल. आईबाप भट्टीवर असेपर्यंत पोरं तिथेच जेवायची आणि तिथेच झोपायची. सरकारने केलेल्या कामांपैकी मी डोळ्यांनी बघितलेलं हे एक चांगलं काम, म्हणून मुद्दाम सांगते.

त्या चुलीवर सुकरी स्वयंपाक करायची. केस पिकलेले, गुडघा दुखरा, आवाज खणखणीत. तिचा मुलगा आणि सून दरवर्षी भट्टीवर जायची. नात सोमी सहावीत होती. सुनेला नंतर मुलगा झाला, तेव्हा त्याला सांभाळायला सोमीला बरोबर न्यायचं घरात ठरत होतं. सुकरीने नातीला जाऊ दिलं नाही. पोरगी दहावी होईल, नर्स होईल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. वसतिगृह होतं म्हणून तिला असं ठरवता आलं. हंगामात आजी आणि नात दोघी शाळेतच राहायच्या आणि पाड्याच्या टोकाचं त्यांचं घर बंद असायचं.

अशा वेळी संस्थेला हंगामी स्थलांतराचा अभ्यास करायची सुबुद्धी झाली. आता हा अभ्यास कधी करावा? पावसाळ्यात, माणसं घरी असताना? तर पावसाळ्यात रस्ते नसतात. दिवाळीच्या आधी? तर प्रश्नावली मंजूर झालेली नसते. मार्चमध्ये निधी परत जातो. शिवाय जानेवारीत आमच्याकडे हवा छान असते. म्हणून घर सोडून गेलेल्या माणसांना घरी गाठून ‘तुम्ही घर सोडून जाता का’ असं विचारायला आम्ही जानेवारीत निघालो.

पाड्यावर निवडलेल्या पहिल्याच घराच्या दारात बोरीची काटी आडवी लावलेली होती. तिकडे कुलपं फारशी नसतात. भट्टीवर जाताना दार ओढून घेतात आणि शेळ्याकुत्री आत शिरू नयेत म्हणून काटेरी फांदी दारात अडकवतात. पुढच्या घराला काटी. त्याच्या पुढच्या घराला काटी. आमच्या नियमात लिहिलं होतं, निवडलेलं घर बंद आढळल्यास पर्यायी घर घ्यावं. टॅबलेटवर ‘घर बंद’ दाबलं की तो आपणहून पुढचं घर दाखवायचा. तेही बंद असेल तर त्याच्या पुढचं. असं करत करत टॅबलेट मला बरोबर त्या घरांपाशी नेऊन सोडायचा जिथे माणूस होता: अंगणवाडी सेविकेचं घर, बोअर असलेल्याचं घर, मुलगा एसटीत लागलेल्याचं घर. तुमच्याकडचं कुणी हंगामात बाहेर जातं का? कुणी नाही. कोड भरला, पुढे.

सुकरीचं घर नमुन्यात होतं. मी शाळेत जाऊन तिला गाठलं आणि तिच्या चुलीशी बसून माहिती भरायला घेतली. टॅबलेटने ती घेतली नाही, कारण त्यातल्या नकाशाप्रमाणे मी निवडलेल्या घरापासून लांब बसले होते. कार्यालयात फोन केला. तिथून खुलासा मिळाला की सदर बाई सध्या वसतिगृहाच्या चुलीवर जेवते, म्हणजे ती ‘संस्थेत’ राहणारी झाली, आणि संस्थांमध्ये, म्हणजे वसतिगृहं-तुरुंगांसारख्या ठिकाणी, राहणारे लोक या अभ्यासात नाहीत. वसतिगृहातली सगळी पोरंही त्याच न्यायाने गेली. भट्टीवरचे आईबाप घरी नाहीत म्हणून वगळले, आणि मागे ठेवलेली पोरं शाळेत आहेत म्हणून वगळली. अख्खा पाडा आम्ही नियमाने पुसून काढला, आणि त्या नियमांचं प्रशिक्षण मला एका चांगल्या हॉटेलात दिलेलं होतं.

मी गप्प बसले नाही. इतक्या वेळा फोन केले की शेवटी प्रकल्पाचे प्रमुख स्वतःच पाहणीला आले. मूळचे पुण्याचे, दिल्लीत स्थायिक, अर्थशास्त्रातले डॉक्टर. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला राग काढायला सोपं गेलं असतं. गाडीतून उतरल्याबरोबर सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायला लागले, तेव्हा सुकरीने पुढे होऊन आपला गुडघा दाखवला. ते गोंधळले. मी तसला डॉक्टर नाही, म्हणाले. सुकरीने मला विचारलं, मग कसला. मी सांगितलं, पैशांचा. ती हसली आणि म्हणाली, ते दुखणं तर सगळ्या पाड्याला आहे, बसा, जेवूनच जा. नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी त्यांनी अगदी मनापासून खाल्ली. जेवणाचे फोटो काढले, सोमी ताट घेऊन हसत उभी होती तिचाही काढला.

जेवण झाल्यावर सुकरीला बरोबर घेऊन मी त्यांना काट्या लावलेल्या घरांवरून फिरवलं. हे घर ओस पडलंय का, त्यांनी सुकरीला विचारलं.

“ओस नाय,” सुकरी म्हणाली. “काटी हाय ना.”

तिने समजावून सांगितलं. ज्याला परत यायचं असतं तो काटी लावून जातो. जो कायमचा जातो तो दारच उपसून नेतो, दुसरीकडे बसवायला. काटी असलेल्या घरातली वस्तू कुणी हलवत नाही, कुडाला टेकूनसुद्धा कुणी बसत नाही. डॉक्टरसाहेबांनी हे सगळं टिपून घेतलं. फार सुंदर आहे हे, असं दोनदा म्हणाले.

मी म्हटलं, साहेब, सुंदर आहे खरं, पण ही माणसं गेलीत म्हणून तर आपण आलो. आणि नेमकं गेलेल्यांचं घर आपण सोडतोय आणि न गेलेल्याला विचारतोय.

“ताई,” ते म्हणाले, “जो घरी नाही त्याची मुलाखत कशी घेणार? शास्त्राला मर्यादा असतात.”

भट्टीवर जाऊन घेता येईल, मी म्हटलं. जवळच तर आहेत, पालघर-बोईसर रस्त्यालगतसुद्धा आहेत. ते म्हणाले, भट्ट्या नमुन्यात नाहीत. मी म्हटलं, निदान अहवालात लिहा की इतकी घरं बंद होती. ते म्हणाले, तो तपशील तांत्रिक परिशिष्टात जातो. मग ते गाडीत बसले. त्यांच्या पँटला काटी अडकली होती, ती सुकरीने सोडवून दिली.

अहवालाचं प्रकाशन दिल्लीत झालं आणि त्यावर पालघरला जिल्हा मुख्यालयात बैठक भरली. आम्हा अन्वेषकांना मागच्या रांगेत बसवून प्रत्येकाला एकेक प्रत आणि उत्कृष्ट कामगिरीचं प्रमाणपत्र दिलं. मुखपृष्ठावर सोमी. ताट हातात, पुढचे दोन दात जरा फाकलेले, अगदी खुशीत. आत काटीची माहिती ‘स्थानिक लोकपरंपरा’ म्हणून रंगीत चौकटीत छापली होती, फोटोसकट. आणि मुख्य निष्कर्ष असा की या भागातलं हंगामी स्थलांतर लक्षणीयरीत्या घटलं आहे. टाळ्या वाजल्या. वेगवेगळ्या खात्यांच्या लोकांनी उठून आपापल्या योजनेचं यश सांगितलं. आधी कुणाला ठाऊकच नव्हतं की आपण इतके यशस्वी आहोत. स्थलांतर घटल्यामुळे त्यासाठीच्या हंगामी सोयींचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस होती.

मी हात वर केला आणि उभी राहिले. म्हटलं, ही घरं बंद होती, माणसं गेलेली होती, आम्ही उरलेल्यांना विचारलं. व्यासपीठावरच्या एका अधिकाऱ्याने अतिशय सौम्यपणे सांगितलं, फील्डवरच्या अडचणींवर आपण चहाच्या वेळी बोलू. चहाच्या वेळी ते बोलले. समोसे कुठले, असं त्यांनी मला विचारलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर वसतिगृहाला मंजुरी आली नाही. मुख्याध्यापकांनी वाट पाहिली, अर्ज केले. वरून उत्तर आलं की अभ्यासानुसार सदर परिसरात गरज आढळत नाही. मग सुकरी मला शोधत पालघरला आली. एसटीने मनोरपर्यंत, तिथून टमटमने, विचारत विचारत माझ्या दारापर्यंत. पाणी प्यायली आणि ओटीवर बसूनच बोलली.

“बाय, तू आलती ना आमचे पाड्यावर? मंग सरकारला कोन सांगला का आमी आता जात नाय?”

मी तिला सगळं सांगितलं. काट्यांचं, पर्यायी घरांचं, टॅबलेटचं.

“माज्या घराला काय लिवलास?”

“बंद.”

“बंद नव्हता. काटी हुती,” ती म्हणाली. “मंग आता परत लिव. मी इथं तुजे समोर बसली हाय. मला इचार.”

माझ्याकडे तेव्हा विचारायला कुठला अभ्यास नव्हता, टॅबलेट तर कार्यालयात जमा होता. मी तिच्यासमोरच फोनवरून संस्थेला सविस्तर लिहिलं आणि ते तिला वाचून दाखवलं. उत्तर यथावकाश आलं. आपला अभिप्राय पुढील फेरीत विचारात घेतला जाईल. पुढची फेरी म्हणजे काही वर्षांनी. सोमी तेव्हा सातवीत होती. त्या दिवशी सुकरी उठताना म्हणाली, पोरीचा फोटो मोठा छापलाय म्हणतात, तो तरी दे कधीतरी. प्रत आत कपाटात होती, पण ती तेव्हा तिच्या हातात द्यायला मन होईना; मी नुसती कबूल झाले.

त्यानंतर माझ्या हाती आलेला शेवटचा अभ्यास होता, मुली शाळा का सोडतात. जानेवारीतच, अर्थात. नमुन्यात पुन्हा तोच पाडा आला, आणि सुकरीचं घर पुन्हा निवडलं गेलं. मी टेकाड चढून गेले. दारात काटी होती. शाळेच्या पडवीतली चूल उकरलेली, वसतिगृहाच्या वर्गात सतरंज्यांची गुंडाळी. शिक्षकांनी सांगितलं, भाऊ चालायला लागलाय, सुनेला कामाच्या वेळी त्याला बघायला कुणीतरी हवं, म्हणून सोमीला नेलं. आणि नातीला एकटी सोडायची नाही म्हणून म्हातारीही गेली. सोमीचं नाव अजून पटावर होतं. मी टॅबलेटवर ‘घर बंद’ दाबलं, कारण दुसरं काही दाबता येत नव्हतं. त्याने मला अंगणवाडी सेविकेच्या घरी नेलं. तिची मुलगी रिबिनी बांधून शाळेत निघाली होती. मुलीने शाळा सोडली आहे का? नाही. कोड भरला. शाळा सोडण्याचं कारण हा पुढचा प्रश्न टॅबलेटने आपणहून गाळला. मुली शाळा सोडत नाहीत, असाही आनंदाचा अहवाल आता निघाला असेल. मी तो वाचलेला नाही, आणि कुणी आणून दिला तरी वाचणार नाही. ज्यांना तो वाचायचा असेल त्यांनी मुखपृष्ठावर कुणाचा फोटो आहे तेवढं मला कळवावं.

माझं कंत्राट त्यानंतर वयामुळे संपलं. शाल, श्रीफळ, ‘आपल्यासारख्यांच्या कष्टांवर धोरणं उभी राहतात’ असं भाषण. हे वाक्य मला अजूनही झोंबतं, कारण ते अगदी खरं आहे.

घरी बसल्यावर आधी कबूल केलेलं काम करायचं ठरवलं. पाड्यावर चौकशी केली तर सुकरीची माणसं कुठे गेली होती? बोईसरच्या रस्त्याने सरावलीच्या अलीकडे आत वळलं की लागणाऱ्या भट्टीवर. कामगारांसाठी तिथे नव्या इमारती उठताहेत, त्यांना विटा लागतात. माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. डॉक्टरसाहेबांना तर, मी तेव्हाच सांगितलेल्या रस्त्याने गाडीतून जाताना, ती भट्टी दिसलीही असेल.

मी सकाळीच गेले, अहवालाची माझी प्रत पिशवीत घालून. मुकादमाला वाटलं कसली तरी तपासणी आली. मी म्हटलं, नातेवाईक आहे. प्लास्टिक आणि पत्रे लावलेल्या झोपड्या, पुढे कच्च्या विटांच्या रांगा. सोमी भावाला कडेवर घेऊन वाकून एका हाताने विटा पालथ्या करत होती, दुसरी बाजू वाळायला. उंच झाली होती. मला ओळखून हसली, दात तसेच होते. सुकरी पलीकडे कोपरापर्यंत चिखलात होती. तिने हात वर करून तिथूनच ‘बस’ म्हणून खूण केली. कामाच्या मध्ये उठता येत नव्हतं.

मी सोमीला अहवाल दिला. तिने भावाला खाली ठेवलं, हात फ्रॉकला पुसले आणि मुखपृष्ठावरच्या आपल्या फोटोवर बोट टेकवलं. मग विचारलं, “आतमंदी माजा नाव हाय?”

नाव नव्हतं. मी तसं सांगितलं. आत सगळं इंग्रजी होतं, पण शेवटी चार पानांचा मराठी सारांश होता. तो मी तिला काढून देणार नव्हते; तिनेच उलटत उलटत शोधून काढला. ती शाळेत हुशार होती. एका ओळीखाली बोट धरून, वर्गात उभी असल्यासारखी, शब्द शब्द सुटा करून तिने मोठ्याने वाचलं की या भागातील कुटुंबे आता वर्षभर आपल्या गावातच राहतात. वाचून झाल्यावर ती ओळ तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली. मग मान वळवून आजीला ओरडून सांगितलं.

“आजी, आपून घरीच हाव. इथं लिवलाय.”

सुकरीने साच्यात चिखल दाबला, वरचा हाताने निपटून काढला, वीट जमिनीवर पालथी केली.

“हां? मंग आपले दारची काटी कोनी काढली,” ती म्हणाली, “इचार बायला.”

आणि सोमीने मला खरंच विचारलं.